बोडकी रोटी

सवरीमोहच्या रोट्यांना पुलावरचे लोक बोडक्या रोट्या म्हणत. तिच्या तोंडावर म्हणत, आणि म्हणून झाल्यावर विकतही घेत, त्यामुळे तिने ते कधी मनावर घेतलं नाही. वख्श नदीच्या खोऱ्यात रोटी म्हटली की तिच्या मधोमध नक्षी हवीच. लाकडी मुठीच्या तळाशी बारीक खिळे ठोकून ठसा केलेला असतो. रोटी तंदुरात लावण्याआधी तो तिच्या पोटावर दाबायचा, म्हणजे मधला भाग फुगत नाही आणि रोटी दिसतेही देखणी. घरोघरचा ठसा वेगळा, गावोगावचा तर वेगळाच. सवरीमोह चमच्याच्या दांड्याने नुसती भोकं पाडी, तरी तिची रोटी मध्ये फुगायचीच, रुसलेल्या पोरीच्या गालासारखी.

"चव झकास आहे मावशी, पण तिला जरा नटव की," ट्रकवाले म्हणत.

"नटलेली हवी तर बायको आण. खायची हवी तर ही घे," असं ती म्हणे आणि पैसे घेऊन टोपलीवर फडकं ओढून घेई.

ठसा न मारण्याचं कारण होती तिची आई, होलबीबी. म्हातारीच्या तंदुरात ठसा चालत नसे. लहानपणी सवरीमोहने एकदा विचारलं होतं, तेव्हा उत्तराऐवजी थोबाडीत मिळाली. त्यानंतर तिने विचारायचं सोडलं आणि स्वतःच काय ते समजून घेतलं. ठशानेच घात केला होता, म्हणून आई त्याला भिते. न समजण्यासारखं त्यात काय होतं?

रोट्या विकायला ती बसायची ती जागाही तीच, कालव्यावरच्या पुलाच्या तोंडाशी. सवरीमोहच्या लहानपणी, यादवीच्या हिवाळ्यात, तिथे रस्त्यावर आडवा नांगर टाकून बंदूकवाले उभे असत. आता तिथे उन्हाळ्यात खरबुजांचे ढीग लागतात आणि एक चहावाला दिवसभर रेडिओ लावून बसतो. लोक सवरीमोहला म्हणत, तुला तिथे बसवतं तरी कसं? ती म्हणे, ट्रक तिथे थांबतात, माझ्या दारात थांबत नाहीत. हे खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. बसमधून तो पूल ओलांडताना ती अजूनही श्वास रोखून धरी आणि पलीकडे गेल्यावर पुटपुटत अल्लाचे आभार मानी. तिची मुलगी मेहरंगेज शेजारी बसलेली असली की हसायची. बस थांबली नाही म्हणून कोणी आभार मानतं का आई, ती म्हणायची, तिथे स्टॉपच नाही, थांबेल कशाला? सवरीमोहला ते हसणं फार आवडे. ज्या पोरीला त्या पुलावर फक्त स्टॉप नसल्याचं दिसतं, ती पोर आपल्या पोटी आली, यापरतं भाग्य ते काय, असं तिला वाटे.

याच मेहरंगेजच्या लग्नावरून घरात धुमसत होतं.

मुलगी दवाखान्यात परिचारिका होती. तिथेच औषधांच्या दुकानात काम करणारा दिलोवर तिला आवडला होता आणि त्याच्या घरच्यांनी रीतसर विचारणाही केली होती. सवरीमोहचा नवरा रशियात इमारतींच्या कामावर. त्याने फोनवर सांगितलं, मुलगा बरा आहे, उरकून टाका, लग्नाला मी येतो. शुक्रवारी रोटी मोडायचं ठरलं. मुलाकडचे रोट्या घेऊन येतात, मुलीच्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस त्यातली एक दोन्ही हातांनी मोडतं, तुकडे दोन्हीकडच्यांना वाटतात आणि मुलगी दिली असं सगळं गाव समजतं. मग कोणाला मागे फिरता येत नाही. या घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे होलबीबी. तिने सगळ्याला मान डोलावली होती. मुलाचं शिक्षण विचारलं, आईचा स्वभाव विचारला, दात कसे आहेत तेही विचारलं. शेवटी घराणं विचारलं, ते खालचं आहे हे ऐकून घेतलं, आणि रोटी तिनेच मोडायची हे निघाल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी रोटी मोडणार नाही. दुसरं कोणीतरी बघा."

दुसरं होतं कोण? मेहरंगेजने आजीचे पाय दाबले, मग रडली, मग दोन दिवस बोलली नाही. पळून जाऊन कचेरीत सही करणारी ती नव्हती. आजीने तिला सहा महिन्यांची असल्यापासून सांभाळलं होतं. तिला आजीच्याच हातची मोडलेली रोटी हवी होती, आणि ती मिळाली नाही तर शुक्रवारी मुलाकडचे भरल्या टोपल्या घेऊन परत जाणार होते. आलेली रोटी न मोडता परत गेली की त्या दारात पुन्हा कोणी येत नाही.

वरचे आणि खालचे ही भानगड सवरीमोहच्या आजोबांच्या वेळेपासूनची. डोंगरातल्या गावांतली माणसं सरकारने ट्रकांत भरून या खोऱ्यात आणली, कापूस पिकवायला. ते वरचे. आधीपासून इथे असलेले ते खालचे. दोघं एकाच शेतात कापूस वेचत, एकाच मशिदीत जात. लग्नात चेष्टा चालायची, वरचे कवडीचुंबक आणि खालचे आळशी. सवरीमोह आठ वर्षांची होईपर्यंत ती फक्त चेष्टाच होती. मग एका हिवाळ्यात कोणीतरी त्या चेष्टेतून माणसं मारण्याचा धंदा काढला.

त्या सकाळचं तिला सगळं आठवत होतं, असं तिला वाटे. रात्रभर कालव्यापलीकडे धडधड चालली होती. पहाटे आईने पऱ्हाट्या कोंबून तंदूर पेटवला. आईची पाठ, काळ्या जिऱ्याचा वास, आणि अंगणात घाईने इकडून तिकडे जाणारे वडील. वडिलांचं नाव शोदी. लाकडाचं काम करत. घरातला ठसाही त्यांनीच केलेला, जर्दाळूच्या लाकडाचा, चार पाकळ्या आणि मध्ये तारा. डोंगरातल्या त्यांच्या गावची ती खूण होती. शेजारच्या दोन घरांसोबत ते सगळे एका ट्रकमध्ये चढले. गरम रोट्यांचं बोचकं आईने सवरीमोहच्या मांडीवर ठेवलं, थंडी वाजू नये म्हणून. धाकटा भाऊ आईच्या पदराखाली होता.

पुलावर ट्रक थांबला. एक तरुण माणूस मागे चढला. त्याने कोणावर आवाज चढवला नाही. त्याला भूक लागली असावी, कारण त्याने सवरीमोहच्या मांडीवरच्या फडक्याचं टोक उचललं, एक रोटी घेतली, तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावता चावता त्याचं लक्ष नक्षीवर गेलं. त्याने रोटी उजेडाकडे धरली.

"वरची आहे," तो भरल्या तोंडाने खालच्या माणसांना म्हणाला.

मग पुरुषांना उतरवलं. वडिलांनी उतरताना टोपी सरळ केली. आईला म्हणाले, "पोरांना दे, गरम आहे तोवर." ट्रक सोडून दिला गेला. कोणी रडलं नाही, रडायचं असतं हे सुचलंच नाही. रोटी टाकायची नसते, म्हणून नदीकाठी पोचल्यावर सगळ्यांनी तीच रोटी खाल्ली, चार पाकळ्यांची. मग सरहद्दीवरची पंज नदी, तराफा, पलीकडच्या देशातले निर्वासितांचे तंबू. भाऊ तंबूतल्या पहिल्याच थंडीत गेला. परत आल्या त्या दोघीच, मायलेकी. घराच्या जागी चार काळ्या भिंती होत्या आणि तंदूर मात्र शाबूत होता.

"खाल्ल्या मिठाला जागले नाहीत," होलबीबी कधीतरी एवढंच म्हणे. सवरीमोहला वाटे, हे सगळ्या खालच्यांबद्दल आहे. तिच्या स्वतःच्या मनात तसा राग राहिला नव्हता. राग धरायलाही सवड लागते, आणि तिला पहाटे पीठ मळायचं असे. पण आईच्या रागाचा तिला मान होता. गुरुवारी दुपारपर्यंत तरी होता.

गुरुवारी दुपारी तिचा बांध फुटला. मेहरंगेज कामावरून आली, न जेवता आत जाऊन पडली. सवरीमोह हातातलं पीठ तसंच ठेवून आईसमोर जाऊन बसली आणि मनात होतं ते सगळं बोलून गेली. की तो पुलावरचा माणूस कोण होता कोणास ठाऊक. की दिलोवर तेव्हा जन्मलाही नव्हता. की तिचं स्वतःचं बालपण त्या पुलावर गेलं ते गेलं, आता पोरीचं तारुण्यही त्याच पुलावर उतरवून घेणार का? की एवढा डूख धरून कोणाचं भलं झालंय?

होलबीबी ऐकत होती. तिने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. मोठे, सांधे सुजलेले हात होते ते.

"मी कोणावर डूख धरलेला नाही," ती म्हणाली. "त्यांना मी केव्हाच अल्लाच्या हवाली केलंय. माझं वैर ह्या हातांशी आहे."

"हातांशी कसलं वैर?" सवरीमोहने विचारलं.

"तुझ्या बापाने सांगितलं होतं, कोऱ्या भाज. ठसा मारू नकोस, रस्त्यात ओळखतील. मी हो म्हटलं. पहिली रोटी कोरी लावली सुद्धा. आणि ती फुगलेली बघून मला आईचं घर आठवलं. आमच्या गावात कोरी रोटी फक्त मयताच्या घरी भाजतात. चाळीस दिवस. घरात सुतक असलं की ठसा उलटा टांगून ठेवतात. आता नवरा, पोरं, वाटेला लागतायत आणि शिदोरीला मयताची रोटी? माझा हात धजेना. म्हटलं, अपशकुन नको. म्हणून मारला ठसा. सगळ्यांवर मारला. वाट सुखाची व्हावी म्हणून मारला गं मी."

सवरीमोहच्या डोळ्यांसमोर आईची ती पाठ आली, तंदुरावर वाकलेली. पाठच तेवढी तिने पाहिली होती.

"रोटी दिसली नसती तर पासपोर्ट दिसला असता," ती शेवटी म्हणाली. "जन्माचं गाव लिहिलेलंच असतं त्यात."

"असता," होलबीबी म्हणाली. "पण रोटीच दिसली."

मग हळूहळू सवरीमोहच्या डोक्यात दुसरीच गोष्ट उतरली. बापाचा देह कधी मिळाला नव्हता. त्यामुळे जनाजा नाही, चाळिसावा नाही, त्याच्या नावाने कोणी हात वर करून फातिहा म्हटली नाही. गाव म्हणायचं, होलबीबी अजून वाट बघते. वाट कसली! ती परत आल्याच्या पहिल्या दिवसापासून मयताची रोटी भाजत होती. चाळीस दिवस तिचे कधी संपलेच नव्हते. आणि सवरीमोह तीच सुतकाची रोटी टोपलीत घालून पुलावर नेत होती, ट्रकवाल्यांशी थट्टा करत विकत होती.

"मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

"काय सांगू? तुझा बाप गेला, हे मी तोंडाने कधी म्हटलंच नाही," होलबीबी म्हणाली. "ह्या हाताने एक घर मोडलंय. त्याच हातात पोरीची रोटी देऊ नका, एवढंच माझं म्हणणं. खालचे, वरचे, मला काय करायचंय?"

मेहरंगेज दाराशी येऊन उभी होती. तिने किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती येऊन आजीच्या शेजारी बसली, तिचा एक उताणा हात उचलून आपल्या गालाला लावला आणि म्हणाली, "ह्याच हाताने मला न्हाऊ घातलंस. मला हाच हात हवा. नसेल द्यायचा तर मी त्यांना येऊ नका म्हणून कळवते." होलबीबीने हात काढून घेतला नाही, पण हो सुद्धा म्हटलं नाही.

शुक्रवारी मुलाकडचे आले. मुलाची आई गुलचेहरा हसतमुख बाई होती, आल्या आल्या तिने तंदुराचं कौतुक केलं. सोबत दिलोवरचे आजोबा नज़री, काठी टेकत, आणि दोन काक्या. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलं गेलं, चहा ओतला गेला, वाळवलेली तुती, बदाम, साखर. मग गुलचेहराने टोपलीतून दोन मोठ्या रोट्या काढून एकीवर एक अशा होलबीबीपुढे ठेवल्या. मधोमध दाट नक्षी, काठाला तीळ. सगळे थांबले. होलबीबी रोटीकडे बघत राहिली, हात मांडीवर तसेच.

"त्या हिवाळ्यात तुमचं घर कुठे होतं?" होलबीबीने म्हाताऱ्याला विचारलं.

गुलचेहराचं हसू मावळलं. असले प्रश्न आता कोणी विचारत नाही, निदान रोटी समोर असताना तरी नाही. दाराआड मेहरंगेजने ओढणीचा बोळा तोंडाशी धरला.

नज़रीने काठी बाजूला ठेवली. "कालव्याच्या पलीकडे. पुलापासून हाकेवर," तो म्हणाला.

"मग पुलावरचं ऐकलं असेल तुम्ही."

"ऐकलं. दिवा विझवला, आतून कडी घातली आणि बसलो. बाहेर कोणी हाका मारत होतं. मी उठलो नाही."

"भीती वाटली?"

"भीती वाटली. माझ्या हातात काय होतं, असं म्हणतात लोक. मला तसं म्हणायची लाज वाटते, बाई."

होलबीबीने मान हलवली. तिने बहुधा खोट्याची तयारी ठेवली होती. मग तिने रोटी उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि मोडायच्या आधीच बोलू लागली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माझे मालक, शोदी, ओबीगुल गावचे. त्या पुलावर उतरले आणि परत आले नाहीत. ते मेले. त्यांच्या नावाची फातिहा अजून झालेली नाही. आधी ती म्हणा, मग मी मोडते."

साखरपुड्याच्या दस्तरखानावर मयताची प्रार्थना कोणी ऐकली आहे? दोन्ही काक्यांनी एकमेकींकडे पाहिलं. गुलचेहरा सासऱ्याकडे बघू लागली. नज़रीने कोणाकडेच पाहिलं नाही. त्याने तळवे वर केले आणि म्हणायला सुरुवात केली, आणि मग एकेक करून सगळ्यांचे तळवे वर झाले. शेवटी त्याने नाव घेतलं, शोदी, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सवरीमोहचा हात तोंडावरच राहिला. नदीकाठी ती रडली नव्हती, तंबूत भाऊ गेला तेव्हाही आईला त्रास नको म्हणून रडली नव्हती. आता ती पाहुण्यांसमोर, मुलीच्या साखरपुड्यात, लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली आणि तिला कोणी थांबवलं नाही.

होलबीबीने रोटी मोडली. पहिला तुकडा तिने नज़रीच्या हातावर ठेवला.

पाहुणे गेल्यावर तिने पेटीतून एक गाठोडं काढून सवरीमोहपुढे टाकलं. आत तो ठसा होता. पोलक्यात लपवून नदीपार नेलेला, परत आणलेला. "खिळे गंजलेत. राखेने घास," एवढं बोलून ती नमाजाला गेली.

दुसऱ्या दिवशी सवरीमोहने पहाटे ठसा हातात घेतला तेव्हा तिला वाटलं होतं, मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. पहिल्या रोटीवर ठसा टेकवून तिने दोनदा उचलला, मग कुठे दाबला. रोट्या मात्र झकास झाल्या, सपाट, चार पाकळ्यांच्या, मध्ये तारा. तिने त्या टोपलीत रचल्या, वर फडकं टाकलं आणि ती पुलावर जाऊन बसली. चहावाल्याचा रेडिओ चालू होता. पहिल्या दोन गाड्या न थांबता गेल्या, तेव्हा तिला बरंच वाटलं.

मग एक ट्रक थांबला. ड्रायव्हर विशीबाविशीतला, तिच्या ओळखीचा नव्हता. उतरला, जवळ आला, आणि फडक्याचं टोक उचलून त्याने एक रोटी घेतली. उलटसुलट करून बघितली.

"ही कुठली?" त्याने विचारलं.

पळून जावं असं सवरीमोहला खरोखर वाटलं, या वयात, टोपली तिथेच टाकून. मांडीवर टोपलीतल्या रोट्यांची ऊब लागत होती.

"वरची आहे," ती म्हणाली. "ओबीगुलची. माझ्या बापाच्या गावची."

"दोन दे," तो म्हणाला. "गरम आहेत तोवर."

त्याने पैसे दिले, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत चावत ट्रकमध्ये चढला. ट्रक पुलावरून निघून गेला. कोणीतरी विचारलं, तिने खरं सांगितलं आणि काहीसुद्धा झालं नाही. त्या सकाळी शोदीला एवढंच हवं होतं, त्याहून काडीभर जास्त नको होतं. सवरीमोहने अल्लाचे आभार मानले, पुटपुटून नव्हे तर मोठ्याने, इतके की चहावाल्याने वळून पाहिलं. टोपलीतल्या रोट्या उघड्याच राहिल्या होत्या, आणि त्यांच्यावर फडकं ओढायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.